कारखान्याचे कुलूप आणि कारागिराचा जीव

कापडाच्या धंद्यात आम्ही कुलपाला फार मानतो. आत लाखोंचा माल, त्यात चोरीची धास्ती. म्हणून कारागीर आत काम करीत असतानाही कित्येक ठिकाणी चॅनल गेट बाहेरून बंद ठेवतात. या सवयीची किंमत निरनिराळ्या देशांनी मोजली. त्यातून कोण काय शिकले, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिका : 25 मार्च 1911 रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागून 146 कामगार मृत्युमुखी पडले. चोरी होऊ नये म्हणून एक दरवाजा कुलूपबंद ठेवला होता. मालक खटल्यातून सुटले. पण राज्याने चौकशी आयोग नेमून पुढील काही वर्षांत कारखान्यांसाठी नवे कायदे केले.

पाकिस्तान : 11 सप्टेंबर 2012 रोजी कराचीच्या बलदिया टाऊनमधील कपड्यांच्या कारखान्यात 250 हून अधिक माणसे गेली. आग मुद्दाम लावली होती, असे न्यायालयाने 2020 मध्ये ठरविले. पण आग कोणीही लावो, दरवाजे बंद आणि खिडक्यांना जाळ्या असल्याने माणसे आत अडकली. काही आठवड्यांपूर्वीच या कारखान्याला सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते!

बांगलादेश : 24 एप्रिल 2013 रोजी राणा प्लाझा इमारत कोसळून 1134 जण ठार झाले. आदल्या दिवशीच भिंतींना तडे गेले होते. खालची बँक बंद राहिली, शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावले गेले. त्यानंतर परदेशी कंपन्या व कामगार संघटनांत कायद्याने बंधनकारक करार झाला. तपासणीचे अहवाल जाहीर होऊ लागले. दुरुस्ती टाळणाऱ्या कारखान्याची ऑर्डर बंद होऊ लागली. पहिल्याच सूचनांपैकी एक होती : कुलपाचे दरवाजे व सरकते गेट काढा. तेच मालक, तेच मजूर. पण दरवाजे उघडले. 2023 पासून असा करार पाकिस्तानातही लागू झाला.

म्हणजे काही देशांचे लोक जन्मतःच सावध आणि आपली तकदीरच खोटी, असे नाही. निष्काळजीपणाचे नुकसान मालक व खरेदीदाराच्या खात्यावर पडू लागले, की दरवाजा उघडतो. ते केवळ मजुराच्या घरावर पडते, तेथे कुलूप कायम राहते.

आपल्याकडे 18 मे 2025 रोजी सोलापूरच्या टॉवेल कारखान्यातील आगीत 8 माणसे गेली. सूत आणि कापसाची धूळ किती झपाट्याने पेटते, हे यंत्रमागवाल्यांना सांगायला नको. म्हणून एवढे तरी करावे :

1. माणूस आत असताना बाहेरून कुलूप लावू नये. आतून हाताने उघडणारी कडी ठेवावी.
2. बाहेर पडण्यास दुसरी वाट असावी. जिन्यात गाठी व तागे रचू नयेत.
3. कारागीर माळ्यावर झोपत असतील, तर तेथूनही थेट बाहेर पडता यावे.
4. जॉबवर काम देणाऱ्या व्यापाऱ्याने भाव व तारीख ठरविण्यापूर्वी कारखान्याचा दरवाजा स्वतः पाहावा.

तागा चोरीला गेला तर तो पुढच्या सीझनमध्ये भरून निघतो. गेलेला कारागीर परत येत नाही.