दुकानाचा संगणक घरून उघडायचा, तर खर्च किती?

कापसाच्या हंगामात आर्वीचा अडत्या किंवा जिनिंगवाला सकाळी यार्डात, दुपारी जिनात आणि रात्री घरी असतो. त्याची टॅली मात्र दुकानातल्या एकाच संगणकावर असते. सीए वर्ध्याला, मुलगा पुण्याला. मग पेन ड्राइव्ह एसटीने जातो, नाहीतर डेटा फाइल व्हॉट्सॲपवर जाते, आणि आठ दिवसांनी खरी प्रत कोणती यावर घोळ होतो. यावर उपाय आहे टनेलचा, म्हणजे इंटरनेटवरून दुकानापर्यंत जाणाऱ्या कुलूपबंद वाटेचा. ही वाट जवळजवळ फुकट मिळते. पैसे जातात ते वीज, यूपीएस आणि गरज नसताना गळ्यात मारलेल्या वस्तूंवर.

खर्चाला हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. टॅलीचे टीएसएस, म्हणजे तिची सेवा-वर्गणी, चालू असेल, तर दुरून वापरण्याची टॅलीची स्वतःची सोय त्यातच येते. तिचे पैसे तुम्ही आधीच भरलेत. आणि अधूनमधून एखादे बिल पाहण्यापुरतेच काम असेल, तर क्रोम रिमोट डेस्कटॉप मोफत आहे आणि विंडोजच्या होम आवृत्तीवरही चालते. विंडोजचे स्वतःचे रिमोट डेस्कटॉप मात्र प्रो आवृत्तीवरच मिळते. त्या परवान्याचे काही हजार या एकाच कामासाठी घालू नका.

याहून जास्त गरज असेल तर विक्रेता बहुधा स्टॅटिक आयपी सुचवतो. त्याचे वर्षाला साधारण दोन ते तीन हजार, वर १८ टक्के जीएसटी. कारण तो असे सांगेल की तुमच्या कनेक्शनला स्वतःचा पत्ताच नाही. ते बऱ्याचदा खरे असते. राउटरच्या पानावर वॅन आयपी पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिला आहे, आणि बाहेरून कुणी थेट तुमच्या दुकानात पोचू शकत नाही. स्टॅटिक आयपी घेतला की ही अडचण सुटते, पण मग राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांसाठी एक दार, उघडावा लागतो आणि तिथे खरा धोका आहे. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट जगासाठी उघडा ठेवला, की पासवर्ड शोधणारी यंत्रे त्यावर रात्रंदिवस धडका देतात. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे याच दाराने शिरतात. पोर्ट उघडून देणाऱ्या तंत्रज्ञाला सरळ नाही म्हणा.

टनेलमध्ये उलटे होते. दुकानाचे शटर बाहेरून उघडावे लागत नाही. आतलाच माणूस बाहेर येऊन तुम्हाला हात धरून नेतो. दुकानाचा संगणक स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करून ठेवतो, तुम्हीही तिथे पोचता आणि दोघांची गाठ पडते. त्यामुळे स्टॅटिक आयपी लागत नाही, पोर्टही बंदच राहतो. काही टनेल ४४३ या पोर्टवरूनही जाऊ शकतात. बँकेची आणि सरकारी संकेतस्थळे याच पोर्टवरून उघडतात, म्हणून कॉलेज किंवा दवाखान्याच्या वायफायवरही ते सहसा अडत नाहीत. २०२० साली लिनक्सच्या गाभ्यात गेलेला वायरगार्ड हा टनेल वेगवान आहे, पण तो फक्त यूडीपी या डेटा पाठवण्याच्या पद्धतीवर चालतो आणि अशा बंदिस्त वायफायवर अडकतो. टेलस्केल ही सेवा आतून वायरगार्डच वापरते, मात्र थेट वाट मिळाली नाही तर ४४३ वरून वळसा घेते.

आता आकडे. टेलस्केलची मोफत योजना घरगुती वापरासाठी आहे. व्यापाराला टेलस्केल माणशी महिना साधारण पाचशे ते सातशे रुपयांना पडते. तीन माणसे धरली तर वर्षाचे वीस हजारांच्या घरात. क्लाऊडफ्लेअर या कंपनीचा टनेल ५० माणसांपर्यंत मोफत आहे. फक्त स्वतःचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, लागते, ते वर्षाला सात-आठशेत येते. क्लाऊडफ्लेअरच्या केंद्रांच्या यादीत नागपूरही आहे, म्हणजे वळसा फार लांबचा पडायला नको. तिसरी वाट म्हणजे चार-पाच डॉलर महिन्याचा भाड्याचा सर्व्हर घेऊन त्यावर स्वतः वायरगार्ड बसवणे. जीएसटीसह वर्षाला साधारण सहा हजार, माणसे कितीही असोत. पण त्याची देखभाल तुमच्याच गळ्यात. तिघा-चौघांच्या पेढीला मी क्लाऊडफ्लेअर सुचवीन. एक गोष्ट मात्र माहीत हवी: त्यांच्या टनेलने वेब पाने उघडली, तर कुलूप त्यांच्या केंद्रात उघडून पुन्हा लागते. ज्यांना तेही नको, त्यांनी टेलस्केल किंवा स्वतःचा वायरगार्ड घ्यावा.

विजेचा हिशेब फारसे कुणी करत नाही. ६० वॅटचा संगणक चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला ४३ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाला पाच हजारांवर गेले. म्हणजे डोमेनच्या सहापटीहून जास्त. जुना लॅपटॉप ठेवला किंवा संगणक कामाच्या वेळेपुरताच चालू ठेवला तर हा आकडा निम्म्यावर येतो. राउटरला छोटा यूपीएस लावा, हजार-दीड हजारात मिळतो. आणि वीज परत आली की संगणक आपोआप सुरू होईल, ही सोय त्याच्या बायोस सेटिंगमध्ये चालू करून घ्या. नाहीतर रात्री लाइट जाऊन आली की टनेल बंद, आणि किल्ली हातात घेऊन दुकानात जाणे आले.

सीसीटीव्हीसाठी हिशेब वेगळा. २ एमबीपीएसचा एक कॅमेरा तासाला ०.९ जीबी डेटा खातो. क्लाऊडफ्लेअरच्या मोफत योजनेत व्हिडिओवर बंधने आहेत. कॅमेऱ्यांसाठी डीव्हीआर कंपनीचे मोफत ॲप पुरे, फक्त कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला.

जाहिरातीतले महिना दोनशे-तीनशेचे व्हीपीएन यातल्या कुठल्याच कामाचे नाहीत. त्यांनी तुमचा पत्ता लपतो, दुकान उघडत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी व्हीपीएन विकणाऱ्यांवर ग्राहकांची नोंद पाच वर्षे ठेवण्याचे बंधन आले. पेढीच्या स्वतःच्या माणसांपुरत्या व्हीपीएनला ते लागू नाही.

बसवून देण्याचे काम दोन तासांचे आहे. पाचशे ते हजार रुपये रास्त. खाते मात्र तंत्रज्ञाच्या नव्हे, तुमच्याच ईमेलवर उघडा, दुहेरी पडताळणी लावा आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा प्रवेश त्याच दिवशी काढा. फोनवर कुणी बँकेचा म्हणून एनीडेस्क हे दुरून ताबा देणारे ॲप टाकायला सांगितले तर टाकू नका; रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच त्याबद्दल सावध केले आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करा.

क्लाऊडफ्लेअरची वाट घेतली तर सगळे मिळून पहिल्या वर्षी वीज सोडून साडेतीन हजारांच्या आत बसते. कुणी पंधरा-वीस हजारांचे कोटेशन दिले, तर त्यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते लिहून मागा.