कॉल चालू असताना नेट बंद पडतं? ऑर्डर हातची जाईल!

गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, "क्यूआर टाका व्हॉट्सअपवर, लगेच पैसे सोडतो." तुम्ही टाकता, पण घड्याळाचं चिन्ह काही हलत नाही. मसाले करणाऱ्या एका ताईंची दिवाळीची मोठी ऑर्डर अशीच गेली. क्यूआर पोहोचला, पण फोन ठेवल्यावर. तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे!

बहुतेकांची भानगड दोन सिमची असते. धंद्याचा नंबर एका सिमवर, नेट दुसऱ्यावर. कॉल लागला की बऱ्याच फोनमध्ये दुसऱ्या सिमचं नेट थांबतं. सिमच्या सेटिंगमध्ये 'कॉलदरम्यान डेटा' असा काहीतरी पर्याय असतो (नाव फोनप्रमाणे बदलतं), तो चालू करा. मग नेट कॉलवाल्या सिमवरून चालतं. म्हणजे त्या सिमवरही डेटा पॅक हवा, नेमकं हेच लोक विसरतात.

एकच सिम आहे? मग व्होएलटीई चालू आहे का बघा. बंद असेल तर कॉल ४जी सोडून जुन्या नेटवर्कवर जातो आणि नेट रखडतं. व्होएलटीई कॉलने डेटा पॅक संपत नाही हो, व्हॉट्सअप कॉलने मात्र संपतो.

आज वाय-फाय बंद करून घरच्यांना कॉल लावा आणि बोलता बोलता एक फोटो पाठवून बघा. गेला का, कमेंटमध्ये सांगा.