दोन भाषा आणि एक चाल

दुसरी भाषा येणें म्हणजे प्रत्येक वस्तूला आणखी एक नांव ठाऊक असणें, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु भाषा ही केवळ शब्दांची रास नव्हे. प्रत्येक भाषेला स्वतःची लय असते. स्पॅनिश व इंग्रजी या दोन भाषांच्या सहवासाचा रॉक संगीताला जो लाभ झाला, त्यावरून ही गोष्ट चांगली ध्यानांत येते.

प्रथम या भाषांचे स्वभाव पाहूं. स्पॅनिशमध्यें मूळ स्वर पांचच. त्यांचा उच्चार स्पष्ट होतो, व पुष्कळ शब्द स्वरान्त असतात. त्यामुळें सूर लांबविणें सोपें जातें आणि यमकेंहि सहज जुळतात. इंग्रजींत आंखूड व व्यंजनान्त शब्द विपुल. ते ठेक्यावर घणाच्या घावासारखे पडतात. ज्याच्या कानांत या दोन्ही लयी मुरल्या आहेत, त्या गायकाजवळ एका चालीकरितां दोन साधनें असतात.

लॉस एंजेलिसचा रिची व्हॅलेन्स हा मेक्सिकन वंशाचा तरुण. तो इंग्रजी बोलत वाढला. स्पॅनिश त्याला अस्खलित येत नसे. परंतु मेक्सिकन संगीत तो लहानपणापासून ऐकत आला होता. १९५८ सालीं त्यानें व्हेराक्रूझ प्रांतांतील 'ला बाम्बा' हें जुनें लोकगीत स्पॅनिशमध्येंच, पण रॉकच्या ठेक्यावर गायिलें. पुढच्याच वर्षीं फेब्रुवारींत, वयाच्या सतराव्या वर्षीं, तो विमानाच्या अपघातांत मरण पावला. गीत मात्र राहिलें. १९८७ सालीं लॉस लोबोस या वाद्यवृंदानें तें पुन्हा गायिलें, तेव्हां अमेरिकेंतील लोकप्रिय गीतांत त्याला पहिलें स्थान मिळालें.

कोलंबियांतील शकीरा हिची वाट उलट दिशेची. मातृभाषा स्पॅनिशमध्यें कीर्ति मिळाल्यावर तिनें इंग्रजीचा अभ्यास केला, व २००१ सालीं 'लॉन्ड्री सर्व्हिस' हा मुख्यतः इंग्रजी गीतांचा संग्रह काढिला. त्यांतील एका गीताचें इंग्रजी नांव 'व्हेनेव्हर, व्हेअरेव्हर', म्हणजे 'जेव्हां कधीं, जेथें कोठें'. त्याच्याच स्पॅनिश रूपाचें नांव 'सुएर्ते', म्हणजे 'नशीब'. चाल तीच, पण नांव शब्दशः उतरविलेलें नाहीं. चालीवर बसेल आणि मनालाहि भिडेल असा शब्द प्रत्येक भाषेंत नव्यानें शोधावा लागतो. हा शोध दोन्ही भाषा जाणणाऱ्यासच साधतो.

एक पूर्वजांच्या भाषेकडे वळला, दुसरी परभाषेकडे गेली. पण नवी भाषा घेण्याकरितां जुनी टाकण्याची गरज दोघांसहि पडली नाहीं. इंग्रजी सुधारावी म्हणून घरांतील मराठी बोलणें, ओव्या व गाणीं बंद करूं पाहणाऱ्या पालकांनीं याचा विचार करावा. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीं एखादी सोपी इंग्रजी कविता घेऊन तिच्याच चालीवर म्हणतां येईल असें मराठी कडवें रचून पाहा. पहिल्या दोन ओळींतच, आपल्याला कोणती भाषा किती येते, हें तुमचें तुम्हांसच कळून येईल.