अभिषेक आमचा होता

१२ एप्रिल २०२५, शनिवारची रात्र. हैदराबादला अभिषेक शर्माने पंजाबविरुद्ध ५५ चेंडूंत १४१ धावा काढल्या. त्या रात्री तो आमच्या संघात नव्हता. आदल्या रात्रीच माझ्या धाकट्या दिरांनी त्याला देऊन टाकलं होतं, आणि मला विचारलंसुद्धा नव्हतं. घरच्या ग्रुपवर मात्र लिहिलं होतं, "वहिनींचं आणि माझं ठरलंय." अजूनही लग्नकार्यात विषय निघतो आणि कुणीतरी मला म्हणतं, तुम्ही दोघांनीच घालवलात की हो त्याला. म्हणून हे एकदा नीट सांगायचं आहे. आणि जे आपापल्या घरात, सोसायटीत अशी हंगामभराची लीग खेळतात, त्यांच्याही ते कामी यावं.

आमची लीग नातेवाइकांचीच. इंदूर, देवास, उज्जैन मिळून सगळे. दोघांचा एक संघ, मार्चमध्ये रामबागेतल्या घरी लिलाव, आणि शुक्रवारी रात्री बारापर्यंत अदलाबदल. हिशेब सासरे ठेवतात. पैसा यात नाही. जो शेवटचा येईल त्याने सगळ्यांना सराफ्यात खाऊ घालायचं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायच्या फँटसी स्पर्धा बंद झाल्या, तेव्हा आमचं काही अडलं नाही. तुमच्याकडेही पैसा असेल तर आधी तो काढा.

लिलावात अभिषेकसाठी मी हट्ट धरला होता. २०२४ च्या आयपीएलमध्ये त्याच्या ४८४ धावा होत्या, ४२ षटकार होते. २ फेब्रुवारीला वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध ५४ चेंडूंत १३५. दिरांनी तेव्हा काही आडकाठी केली नाही. मग हंगाम सुरू झाला: २४, ६, १, २, १८. पाच डावांत ५१ धावा, आणि हैदराबाद सलग चार सामने हरली. दिरांचे फोन सुरू झाले. "वहिनी, हा गेला. काढून टाकू."

६ एप्रिलचा गुजरातविरुद्धचा सामना झाल्यावर मी त्यांना लिहून पाठवलं होतं की याला हात लावायचा नाही. कारणंही दिली होती. तो अजून सलामीलाच येतो, म्हणजे पॉवरप्लेचे चेंडू त्याच्या वाट्याला आहेतच. संघाने त्याची जागा हलवलेली नाही. दिल्लीविरुद्धची ती १ धाव म्हणजे धावबाद. त्यात फलंदाजीचं काय चुकलं? आणि तो बाद होतोय तो मारायला जाऊन. ज्या फटक्यांवर आदल्या वर्षी धावा आल्या, तेच फटके आहेत. दिरांनी त्यावर अंगठा दाखवून होकार दिला. तो संदेश अजून माझ्या फोनमध्ये आहे.

१२ तारखेला हनुमान जयंती होती. आदल्या दिवसापासून घरात पाहुणे, सकाळी रणजीत हनुमानाचं दर्शन, दुपारी पंगती. ग्रुप उघडायला मला सवड नव्हती आणि गरजही वाटली नव्हती. संध्याकाळी सामना लावला. पंजाबने २४५ केल्या. अभिषेक २८ वर असताना झेल गेला आणि पंचांनी नोबॉल दिला, तेव्हा मी हात जोडले. तिथून पुढे तो थांबलाच नाही. ४० चेंडूंत शतक झालं, त्याने खिशातून चिठ्ठी काढून दाखवली, घरातली पोरं नाचायला लागली. मी कागद घेऊन आमचे गुण मांडत होते. तेवढ्यात देवासहून नणंदेच्या मुलाचा संदेश आला: "मामी, थँक्यू हं."

मला कळेना, हा कशाबद्दल आभार मानतोय. ग्रुप वर सरकवत गेले. शुक्रवार, रात्री अकरा बावन्न. अभिषेक देवासला, शार्दूल ठाकूर आमच्याकडे. आणि खाली ते वाक्य, वहिनींचं आणि माझं ठरलंय. सासऱ्यांनी नोंदसुद्धा करून टाकली होती.

त्या क्षणी राग खेळाडू गेल्याचा कमी होता. माझं नाव माझ्या माघारी वापरलं गेलं, त्याचा जास्त होता. दीर समोरच सोफ्यावर बसले होते आणि अभिषेकच्या षटकारांना टाळ्या वाजवत होते. मी विचारलं, "भावजी, हे काय?" ते म्हणाले, "फोन लावला होता, तुम्ही उचलला नाही." माझ्या फोनवर त्यांचा एकही मिस्ड कॉल नव्हता. तसं दाखवल्यावर म्हणाले, "अहो, एका सामन्याचं काय घेऊन बसलात. शार्दूल आपला पालघरचा आहे, विकेटा काढतोय."

शार्दूलबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. लिलावात कुणी घेतलं नाही, मोहसीन खान जायबंदी झाला म्हणून लखनौने बोलावलं, आणि २७ मार्चला त्याने हैदराबादच्या चार विकेटा काढल्या; त्यांत अभिषेक आणि इशान किशन लागोपाठच्या चेंडूंवर. दिरांच्या डोक्यात तेच बसलं होतं: ज्याने बाद केलं तो घ्यायचा, जो बाद झाला तो द्यायचा. पण गोलंदाजाचे पहिले दोन सामने हा फार छोटा पुरावा असतो. शार्दूल पुढे संघाबाहेरही बसला आणि हंगाम १० सामने, १३ विकेटांवर संपला. इशान किशनचंही तसंच. पहिल्याच सामन्यात नाबाद १०६, लगेच ०, २, २. त्या शतकानंतर आमच्यात दोघांनी त्याच्यासाठी दोन-दोन खेळाडू द्यायची तयारी दाखवली होती. ज्याच्याकडे तो होता त्याने दिला नाही. देऊन टाकायला हवा होता. पहिल्या आठवड्यात फुगलेला भाव विकायचा असतो.

मग खराब सुरुवात झालेला कोणता खेळाडू धरून ठेवायचा आणि कोणता सोडायचा? मी तीन गोष्टी पाहते. फलंदाजीची जागा तीच आहे का. चेंडू खेळायला मिळतायत का. आणि मिळालेल्या चेंडूंवर धावा होतायत का. यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची. ऋषभ पंतला लखनौने २७ कोटींना घेतलं होतं. पहिले चार डाव ०, १५, २, २. नुसत्या धावा पाहिल्या तर अभिषेकसारखंच दिसतं. पण पंतने त्या १९ धावांसाठी ३२ चेंडू घेतले होते. चेंडू खेळूनही धावा होत नाहीत, म्हणजे काहीतरी बिनसलंय. पुढे त्याची जागाही वरखाली होत राहिली. शेवटच्या साखळी सामन्यात नाबाद ११८ केल्या तरी हंगामाच्या धावा २६९ च. तोपर्यंत आमच्याकडे ज्यांनी त्याला धरून ठेवलं, ते तळाला होते.

रोहितचं उदाहरण याच्या उलट. ०, ८, १३, १७, १८, २६. पण जागा सलामीचीच, आणि आकडे हळूहळू का होईना वर सरकत होते. मग चेन्नईविरुद्ध नाबाद ७६, लगेच हैदराबादविरुद्ध ७०. मुंबईने पहिल्या पाचातले चार गमावले आणि पुढे सलग सहा जिंकले. आमच्यातल्या ज्यांनी चार पराभवांवर मुंबईचे खेळाडू काढले, ते सहा विजय बघत बसले. बुमराह पाठीच्या दुखण्यामुळे पहिले चार सामने नव्हता, म्हणून उज्जैनकरांनी त्याला सोडलं. तो ७ एप्रिलला आला आणि १८ विकेटा घेऊन गेला. दुखापतीतून परतायची तारीख जवळ असेल तर जागा अडली तरी चालेल, असला खेळाडू सोडू नका.

बाकी नेहमीचं आहे. घाईने निर्णय घेऊ नका, रात्री उशिरा तर नकोच. वेळापत्रक जवळ ठेवा. कोण परदेशी खेळाडू प्लेऑफआधी परत जाणार ते आधी बघा. २०२५ मध्ये बटलर गेला तेव्हा गुजरातवाल्यांची तारांबळ उडाली. कर्णधारपदाचे दुप्पट गुण दर आठवड्याला नव्या माणसाला देत फिरू नका.

एक जागा मात्र बदली खेळाडूसाठी मोकळी ठेवा, हे मी फार आग्रहाने सांगते. २०२२ मध्ये आपल्याच इंदूरच्या रजत पाटीदारला लिलावात कुणी घेतलं नव्हतं. बंगळुरूने दुखापतग्रस्त खेळाडूच्या जागी बोलावलं, आणि २५ मे रोजी ईडन गार्डन्सवर एलिमिनेटरमध्ये ५४ चेंडूंत नाबाद ११२. २०२५ मध्ये ऋतुराजचं कोपर दुखावलं, आयुष म्हात्रे आला. ज्याची जागा मोकळी असते, त्यालाच असे खेळाडू मिळतात.

आणि जोडीने खेळत असाल तर पहिल्या दिवशी लिहून घ्या: ग्रुपवर दोघांचा स्वतंत्र "हो" आल्याशिवाय अदलाबदल धरली जाणार नाही. मी हा नियम मांडला तेव्हा सर्वांत जास्त विरोध दिरांनी केला. घरच्या माणसांत लिखापढी कशाला, म्हणाले. सासऱ्यांनी नियम केला. विचारलं नव्हतं, एवढं त्यांनी ग्रुपवर कबूल करावं अशी माझी अपेक्षा होती. ते त्यांनी अजून केलेलं नाही. त्यामुळे मी आता मुलीबरोबर खेळते.

इंदूरच्या लोकांना एक वेगळं सांगणं. वेंकटेश अय्यर आपला, म्हणून २०२५ च्या आमच्या लिलावात त्याच्यासाठी एका जोडीने निम्मी थैली रिकामी केली. खऱ्या लिलावातही कोलकात्याने २३.७५ कोटी मोजले होते. हैदराबादविरुद्धच्या ६० सोडल्या तर फार काही हाती लागलं नाही. ११ सामन्यांत १४२ धावा. तो मधल्या फळीत येतो, कधी फलंदाजीच मिळत नाही, हे आपलेपणाच्या भरात कुणी पाहिलं नाही. २०२६ साठी बंगळुरूने त्याला ७ कोटींत घेतलं, पाटीदारच्याच संघात. इंदूरचे दोघे एका संघात म्हटल्यावर रामबागेत बोली किती चढणार याची मला कल्पना होती. म्हणून लिलावाच्या आदल्या दिवशीच दोघांसाठी आमचा आकडा कागदावर लिहिला, खाली मुलीची सही घेतली, माझी केली, आणि तो कागद सासऱ्यांच्या हातात देऊन ठेवला.