घाटाखालचा समुद्र

नवलाख उंबरे गावातून पहाटे निघालात, तर दुपारपूर्वी अलिबागचा समुद्र दिसतो. कामशेत, लोणावळा मागे पडले की बोरघाट लागतो. गाडी वळणे घेत कोकणात उतरते. तेथे मागे वळून पाहा. सह्याद्रीची ही उंच भिंत समुद्राकडून येणारे ढग अडवते. म्हणून लोणावळ्यास वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच पुणे जिल्ह्यातील बारामतीस सुमारे ५००! राजस्थानातील अरवली पर्वत मात्र पावसाळी वाऱ्याला समांतर उभा आहे. तो ढग अडवत नाही. थरचे वाळवंट कोरडेच राहते.

‘वाळवंट’ हा शब्द गमतीचा आहे. उर्दूत आपण ज्याला रेगिस्तान म्हणतो ते वाळवंट; आणि पंढरपूरला चंद्रभागेच्या काठी पसरलेली वाळू, तेही वाळवंटच!

अलिबागच्या किनाऱ्यावरून समोर पाण्यात कुलाबा किल्ला दिसतो. १६८० साली शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला. पावसाळा सोडून, पूर्ण ओहोटीला तेथे चालत जाता येते. पण आधी किनाऱ्यावरच्या जाणत्या माणसाला भरतीची वेळ विचारा. ती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कालची वेळ आज उपयोगी पडत नाही. चहूकडे खारे पाणी असूनही किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. ती जरूर पाहा, मात्र घड्याळाकडेही लक्ष असू द्या. परतताना वाटेवर पाणी चढलेले दिसले, तर त्यात पाऊल टाकू नका. होडी मिळेपर्यंत किंवा पुढची ओहोटी येईपर्यंत किल्ल्यातच थांबा.