सात मुले, सात सूर

आजीच्या गोष्टी जशा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातात, तसे काही चित्रपटही जातात. 'द साउंड ऑफ म्युझिक' हा त्यांपैकी एक. रॉबर्ट वाइज यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९६५ साली पडद्यावर आला. ज्यांनी तो लहानपणी पाहिला, त्यांनी पुढे तो आपल्या मुलांना आणि नातवंडांनाही दाखवला.

चित्रपटाची कथा ऑस्ट्रिया देशातील साल्झबर्ग या शहरात घडते. कॅप्टन फॉन ट्रॅप हे नौदलातील निवृत्त अधिकारी. त्यांची पत्नी वारलेली. घरात सात मुले. वडील शिटी वाजवतात आणि मुले सैनिकांसारखी रांगेत उभी राहतात. अशा घरात ख्रिस्ती साध्वींच्या मठातून मारिया नावाची तरुणी मुलांना सांभाळायला येते. ती जुन्या पडद्यांचे कपडे शिवते, मुलांना डोंगरावर नेते आणि गाणे शिकवते. ज्युली अँड्र्यूज या अभिनेत्रीने ही मारिया अशी रंगवली आहे, की मुलांना ती आपलीच ताई वाटू लागते.

आपल्याकडे सा रे ग म, तसे तिकडे डो रे मी. सुरांची ही नावे शिकवणारे गाणे सुरू झाले, की लहान मुले भाषा न कळताही गुणगुणू लागतात. त्या वेळी त्यांना 'गप्प बसा' म्हणू नये! १९७२ साली गुलजार यांनी 'परिचय' हा हिंदी चित्रपट काढला. त्यातही मुलांचे मन जिंकणारा शिक्षक आहे आणि सरगमचे गाणे आहे. इंग्रजी अवघड वाटत असेल, तर आधी तो पाहावा.

'द साउंड ऑफ म्युझिक' जवळजवळ तीन तासांचा आहे. लहान मुलांना तो दोन संध्याकाळी दाखवलेला बरा. मारिया आणि कॅप्टन यांचे लग्न झाले, की काही मोठी माणसे चित्रपट बंद करतात. पुढचा भाग मुलांना समजणार नाही, असे त्यांना वाटते. मला हे पटत नाही. खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. चित्रपटात कॅप्टनच्या घरावर नाझींचा ध्वज लावला जातो आणि कॅप्टन तो फाडून टाकतात. हे दृश्य पाहताना माझ्या आठ वर्षांच्या भाचीने विचारले, "मामा, ध्वज फाडणे वाईट ना?" मी चित्रपट थांबवला. तो त्यांच्या देशाचा ध्वज नव्हता, त्यांचा देश हिरावून घेणाऱ्यांचा होता, हे तिला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आता ते त्यांना पकडतील. लवकर लाव!"

शेवटी तिने विचारलेच, "हे खरे घडले का?" बरेचसे खरे, काही रचलेले. खरी मारिया १९२६ साली त्या घरी आली, ती सर्व मुलांसाठी नव्हे, तर आजारातून उठलेल्या एका मुलीला शिकवण्यासाठी. १९२७ साली तिचे कॅप्टनशी लग्न झाले. कॅप्टनची शिटी खरी होती, पण ते कठोर मुळीच नव्हते. मारिया येण्याआधीही त्या घरात गाणे होते. आपल्या मायाळू वडिलांना पडद्यावर इतके कडक दाखवलेले पाहून त्यांच्या मुलांना वाईट वाटले.

नकार मात्र खरा होता. जर्मन नौदलात मोठे पद मिळत होते, ते कॅप्टननी घेतले नाही. हिटलरच्या वाढदिवसाला गाण्याचे बोलावणे आले, तेही कुटुंबाने नाकारले. मग देशात राहणे धोक्याचे झाले. १९३८ साली त्यांनी घर सोडले आणि पुढे अमेरिकेत गाण्याचे कार्यक्रम करून पोट भरले.

चित्रपटात हे कुटुंब पायी डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडकडे जाते. प्रत्यक्षात ते आगगाडीने इटलीला गेले. भाचीला हे आवडले नाही. डोंगरच बरा, असे तिचे म्हणणे. मी तिच्यापुढे नकाशा ठेवला. साल्झबर्गवर बोट ठेवून तिने डोंगरापलीकडचा देश शोधला आणि ओरडली, "अरे, हा तर जर्मनीच!"

स्वाध्याय
१. भाचीच्या ध्वजाविषयीच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिले असते?
२. तुमच्या घरातील मोठ्यांना लहानपणी आवडलेल्या एका चित्रपटाची माहिती विचारून मराठीत लिहा.