आकड्यांतील न्याय

खेळाडूची योग्यता नोंदीवरून ठरावी की शिफारशीवरून? इतिहास पाहू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात चर्मकार समाजातील पालवणकर बाळू यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाच्या कर्णधारपदी त्यांची निवड कधीच झाली नाही. आकडे होते, ते मानण्याची तयारी नव्हती.

आता आपल्या मातीतील खो-खो घेऊ. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोत प्रत्येकीच्या संरक्षणाचा वेळ आणि तिने बाद केलेले गडी नोंदवतात. समजा, तीन सामन्यांत एकीचे संरक्षण प्रत्येकी २ मिनिटे, तर दुसरीचे ५, अर्धा व अर्धा मिनिट. दोघींची सरासरी २ मिनिटेच. सातत्य मात्र पहिलीचे. तिसरी शेवटच्या तुकडीत उतरून ४० सेकंद नाबाद राहिली. तिचा वेळ कमी दिसतो, कारण डावच संपला. म्हणून सरासरीबरोबर सातत्य, तुकडीचा क्रम आणि नाबाद नोंदही वाचावी.

पालकहो, माजी विद्यार्थ्यांनो, प्रत्येक सामन्याची नोंदवही जपू या. तिच्यात जात आणि आडनावाच्या ओळखीसाठी रकाना नसतो.